अवयवदानाची सही आणि दहा रुपयांचा स्टॅम्प

आधी कायदा सांगते, मग बाकीचं. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, १९९४. कलम ३, पोटकलम २. माणसाने जिवंतपणी, दोन किंवा जास्त साक्षीदारांसमोर, त्यातला निदान एक जवळचा नातेवाईक, असं लेखी देऊन ठेवलं असेल की मी गेल्यावर माझे अवयव घ्या, तर तो गेल्यावर बॉडी कायद्याने ज्याच्या ताब्यात असेल त्याने डॉक्टरांना अवयव काढायला सगळी वाजवी सोय करून द्यायची आहे. मधल्या काळात त्या माणसाने स्वतःच विचार बदलला होता असं मानायला काही कारण असेल तरच अडवता येतं. बायकोला पटत नाही, मुलगा अमेरिकेहून यायचाय, मावशीला पुढच्या जन्मी डोळे नसतील याची काळजी आहे, यातलं काहीही त्या पोटकलमात नाहीये. घरच्यांनी ठरवायचा भाग येतो पुढच्या पोटकलमात, ३(३) मध्ये, आणि तो अशा माणसासाठी ज्याने काही लिहूनही ठेवलं नाही आणि कधी विरोधही केला नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरला विचारा. कार्ड असू दे, फॉर्म असू दे, ऑनलाइन प्रतिज्ञा असू दे, घरच्यांनी सही केली नाही तर पुढे काही होत नाही. नोट्टो म्हणजे अवयव प्रत्यारोपणाची दिल्लीतली राष्ट्रीय संस्था, तीसुद्धा लोकांना हेच सांगते की नोंदणी केलीत तरी घरच्यांशी बोलून ठेवा, कारण शेवटी त्यांची संमती घेतली जाते. नियमांमध्ये फॉर्मही दोन आहेत, फॉर्म ७ आपल्या इच्छेचा आणि फॉर्म ८ नातेवाइकांच्या संमतीचा.

मग फॉर्म ७ ची किंमत काय? हा प्रश्न माझा नाही हं, आमच्या काकांचा.

आमच्या इथे मुलुंडला मंडळाने गणपतीत अवयवदानाचं शिबिर ठेवलं होतं. मांडवाच्या बाजूला प्लास्टिकचं टेबल, त्यावर फॉर्मचा गठ्ठा, वारा लागून उडू नये म्हणून त्यावर नारळ. काका बेस्टमधून रिटायर झालेले, आयुष्यभर वेबिल आणि तिकिटांचा हिशोब केलेला माणूस, त्यामुळे कागद वाचल्याशिवाय सही नाही. त्यांनी चष्मा लावून सगळा फॉर्म वाचला आणि टेबलावरच्या कॉलेजच्या मुलीला विचारलं, "अगं बाळ, साक्षीदार म्हणून माझ्या मुलाची सही घेतेयस. उद्या तोच नको म्हणाला तर?"

"मग नाही होणार काका. फॅमिलीचं कन्सेंट लागतंच."

"मग माझी सही कशाला?"

ती बिचारी हसली, म्हणाली तुमची इच्छा म्हणून. काकांनी सही केली. मुलाने, म्हणजे माझ्या चुलत भावाने, साक्षीदार म्हणून केली आणि करताना म्हणाला, "बघू रे त्या वेळी." म्हणजे बघा, दोन सह्या एकाच कागदावर आणि दोघांच्या मनात दोन वेगळे कागद. घरी येताना काका मला म्हणाले, तू ते आरटीआय-बिरटीआय टाकत असतेस ना रस्त्याचे आणि पाण्याचे, मग हे विचार की त्यांना, कुठे लिहिलंय ते.

तर ही पोस्ट त्या "कुठे लिहिलंय" ची आहे.

माहिती अधिकाराचे अर्ज ज्यांनी टाकलेत त्यांना माहीत असेल की त्यात भांडण चालत नाही. "कायद्यात दात्याची संमती पुरेशी असताना आपण नातेवाइकांची संमती का घेता?" असं लिहून पाठवलंत तर उत्तर ठरलेलं आहे, "आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने पुरविता येत नाही." आणि वाईट वाटलं तरी ते उत्तर कायद्याला धरून आहे. २००५ च्या कायद्यात माहिती म्हणजे नोंद, दस्तऐवज, ज्ञापन, ई-मेल, अभिप्राय, परिपत्रक, आदेश, लॉगबुक, म्हणजे जे कुठेतरी आधीच आहे ते. सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की माहिती अधिकाऱ्याने तुमच्यासाठी नवीन माहिती तयार करायची नाहीये, सल्ला द्यायचा नाहीये, मत द्यायचं नाहीये. त्याच्याकडे असलेला कागद द्यायचा.

म्हणून प्रश्न कागदाच्या भाषेत करून घ्यायचा. "इच्छापत्र असतानाही जवळच्या नातेवाइकांची स्वतंत्र संमती घेण्याबाबत रुग्णालयांना दिलेली परिपत्रके, आदेश, मार्गदर्शक सूचना यांच्या प्रती द्याव्यात." झालं. असा कागद असेल तर तो मिळेल. नसेल तर "निरंक" लिहून येईल, आणि निरंक आलं तरी माझं काम झालंच की, कारण मग रोज हॉस्पिटलांमध्ये चाललेली गोष्ट कुठल्या आदेशाने चाललीय हा प्रश्न पुढे विचारता येतो. आरटीआयवाले लोक निरंकवर चिडतात, मला तर ते उत्तर फार आवडतं.

महाराष्ट्रात अजून एक गंमत आहे. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. केंद्राकडे पाचशे शब्द चालतात, आपल्याकडे दीडशे. माझ्यासारख्या बडबड्या बाईला हा छळच आहे पण खरं सांगायचं तर त्याने अर्ज सुधारतो. "महोदय, मी एक जागरूक नागरिक असून" हे सगळं उडतं. कारण कशाला हवीय माहिती ते सांगायचंच नसतं, कलम ६(२), अधिकाऱ्याला विचारायचाही अधिकार नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जोडपत्र अ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, आणि पोच घ्यायला दुसरी प्रत. ऑनलाइनही टाकता येतो राज्याच्या पोर्टलवर, मी दोन्ही करते, पण कागदी अर्जावर बारनिशीचा शिक्का पडलेला बघण्यात जे समाधान आहे ते ओटीपीत नाही.

आता अर्ज लिहायला बसल्यावर मूळ कायदा नीट वाचला, आणि इथे मला जे सापडलं ते काकांच्या प्रश्नापेक्षा मोठं निघालं.

आरोग्य हा राज्यांचा विषय. त्यामुळे संसदेला असा कायदा करायचा अधिकारच नव्हता, जोपर्यंत राज्यं स्वतः ठराव करून सांगत नाहीत की आमच्या वतीने तुम्ही करा. राज्यघटनेचं कलम २५२. दोन किंवा जास्त राज्यांच्या विधिमंडळांनी तसा ठराव केला की संसद कायदा करू शकते आणि तो त्या राज्यांना लागू होतो, बाकीच्यांनी नंतर ठराव करून स्वीकारायचा. १९९४ च्या कायद्याच्या प्रस्तावनेत तीन राज्यांची नावं आहेत, गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. आपण! म्हणजे जवळजवळ अख्ख्या देशात आज जो कायदा चालतो तो ज्या तीन विधिमंडळांनी मागितला त्यातलं एक नरिमन पॉइंटवरचं. शाळेत कोणी सांगितलं होतं का हे? ४ फेब्रुवारी १९९५ ला कायदा लागू झाला तोही आधी या तीन राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत.

आणि मुंबईला याची गरज फार आधी कळली होती म्हणायला हरकत नाही, कारण १९६८ च्या फेब्रुवारीत परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं होतं. पेशंट काही तासच जगला. तेव्हा आपल्याकडे मेंदूमृत, म्हणजे मेंदू कायमचा थांबलाय पण यंत्राच्या आधाराने हृदय चालू आहे, ही गोष्टच कायद्यात नव्हती. ती आली सव्वीस वर्षांनी, याच कायद्यात. जुलै ९४ मध्ये कायदा झाला आणि ३ ऑगस्टला एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. म्हणून हल्ली ३ ऑगस्टला अवयवदान दिन असतो, २०२३ पासून, आधी तो २७ नोव्हेंबरला असायचा.

बरं, २०११ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, नावात ऊतक आले, आजी-आजोबा आणि नातवंडं जवळच्या नातेवाइकांत आले, आयसीयूतल्या डॉक्टरने मेंदूमृत पेशंटच्या घरच्यांना या पर्यायाची माहिती द्यायचीच, असं बंधन आलं. त्या दुरुस्तीच्या प्रस्तावनेत कोणाची नावं आहेत? गोवा, हिमाचल आणि पश्चिम बंगाल. महाराष्ट्राचं नाव नाही! आपण ती दुरुस्ती स्वीकारली ठराव करून, त्याबद्दल वाद नाही, आज इथे सुधारित कायदाच चालतो. पण मागणाऱ्यांच्या रांगेत पहिल्यांदा पुढे असलेलं राज्य दुसऱ्यांदा स्वीकारणाऱ्यांच्या रांगेत कसं गेलं हे मला वाचायचं होतं, म्हणजे ठराव, त्यावर सभागृहात कोण काय बोललं, आणि त्याआधी विभागाच्या नस्तीत, म्हणजे फाइलीत, कोणी काय टिपणी लिहिली.

हे फक्त इतिहासाच्या हौसेसाठी नाही. २५२ चा दुसरा भाग असा आहे की या पद्धतीने झालेला कायदा त्या राज्याचं विधिमंडळ स्वतः बदलू शकत नाही. बदल करायचा तर पुन्हा संसद आणि पुन्हा ठराव. दर ऑगस्टमध्ये पेपरात कोणीतरी लिहितं की महाराष्ट्राने पुढाकार घेऊन इंग्लंडसारखी गृहीत संमती आणावी, म्हणजे ज्याने नाही म्हणून नोंदवलं नाही तो दाता. अहो, महाराष्ट्र आणूच शकत नाही! विधानभवनात एकमताने विधेयक पास केलं तरी नाही. संमतीचं कलम बदलायचा रस्ता दिल्लीतून जातो आणि महाराष्ट्राच्या हातात फक्त दोन गोष्टी उरतात, एक म्हणजे बदलाची मागणी करणारा ठराव, आणि दुसरी म्हणजे असलेला कायदा कसा राबवायचा याच्या सूचना. त्या दुसऱ्या गोष्टीचेच कागद मी मागत होते.

तर अर्ज गेले. कुठल्या कार्यालयाला ते लिहीत नाही, कारण ज्या बाईंनी शेवटी मदत केली त्याही तिथल्याच आणि ज्या साहेबांनी फिरवलं तेही तिथलेच.

पहिलं पत्र आलं ते कलम ६(३) चं. म्हणजे आपला अर्ज या कार्यालयाशी संबंधित नसल्याने अमुक कार्यालयाकडे हस्तांतरित. नियम पाच दिवसांचा आहे, पत्रावरची तारीख पाच दिवसांतलीच आणि पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बराच नंतरचा, हे सगळ्यांच्याच नशिबी असतं म्हणून सोडून देते. अमुक कार्यालयाने तमुककडे पाठवला. तमुकने पुन्हा पहिल्याकडे, "मूळ अर्ज यासोबत परत पाठविण्यात येत आहे." माझा दहा रुपयांचा स्टॅम्प लावलेला कागद सीएसएमटी ते मंत्रालय एवढ्या पट्ट्यात माझ्यापेक्षा जास्त फिरला असेल.

मग उत्तर आलं, "मागितलेली माहिती मोघम स्वरूपाची." मोघम! मी परिपत्रकं म्हटलं होतं, विषय लिहिला होता, कालावधी लिहिला होता. म्हणून नुसत्या प्रती मागण्याऐवजी अभिलेख पाहणीचा अर्ज टाकला. हे फार लोक करत नाहीत आणि करायला हवं. कायद्यात पाहणीचा हक्क आहे, आपल्याकडे पहिला तास फुकट, पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये, आणि हवी ती पानं झेरॉक्स दोन रुपयांना एक. पाहणीला "मोघम" म्हणता येत नाही, कारण मी कागद दाखवा म्हणतेय, शोधून द्या म्हणत नाहीये.

पाहणीच्या दिवशी ऑफिसमधून अर्धी सुट्टी टाकून गेले. बाईंनी खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, आणि समोर नस्त्या ठेवल्या. लाल टॅगने बांधलेल्या, एका बाजूला टिपणी भाग, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. मला वाटलं होतं संमती या विषयावर काहीतरी खल असेल, कोणीतरी कक्ष अधिकाऱ्याने लिहिलं असेल की ३(२) प्रमाणे असं आहे तर आपण रुग्णालयांना काय कळवायचं. तसं एकही पान मला त्या नस्त्यांत दिसलं नाही. होतं काय, तर जनजागृती कार्यक्रम, त्याचं निमंत्रण, प्रमुख पाहुणे, हॉलचं भाडं, बॅनरच्या मजकुराचा मसुदा. त्या मसुद्यावर मात्र तीन वेगळ्या शाईंत दुरुस्त्या, "अवयवदान श्रेष्ठदान" च्या पुढे उद्गारचिन्ह एक की दोन यावरसुद्धा पेन्सिलची खूण. एका पानावर चहाच्या कपाचा गोल डाग आणि त्याच्या मधोमध "मान्यतेस्तव सादर".

बाई म्हणाल्या, "मॅडम, संमतीचं वगैरे आमच्याकडे येत नाही, ते हॉस्पिटलवाले बघतात." आणि हॉस्पिटलवाले म्हणतात गव्हर्नमेंटचं गाइडलाइन आहे.

आता इथे खूप जण हात टेकतात कारण मुंबईतली बरीचशी प्रत्यारोपणं प्रायव्हेट हॉस्पिटलांत होतात आणि प्रायव्हेटला आरटीआय लागत नाही. बरोबर, थेट लागत नाही. पण कलम २(च), म्हणजे इंग्रजीतलं टू एफ, नीट वाचा. एखाद्या दुसऱ्या कायद्याखाली जी माहिती सरकारी प्राधिकरण खासगी संस्थेकडून मागवू शकतं, तीही माहितीच. आणि अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात समुचित प्राधिकारी नावाचा अधिकारी आहे, जो हॉस्पिटलांची नोंदणी करतो, तपासणी करतो, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर त्याला कागद हजर करायला लावायचे अधिकार आहेत, कलम १३बी. म्हणजे हॉस्पिटलला विचारू नका, त्याच्या प्राधिकाऱ्याला विचारा. केईएम, सायन, नायर ही पालिकेची हॉस्पिटलं, त्यांना थेट अर्ज करता येतो. मुंबई विभागाचं अवयव वाटपाचं काम बघणारं झेडटीसीसी सायन हॉस्पिटलच्या आवारातच आहे आणि रोट्टो, म्हणजे नोट्टोसारखीच पण पश्चिम विभागाची संस्था, केईएममध्ये.

मागायचं काय? नावं अजिबात नाही. कोण गेलं, कोणाचं मूत्रपिंड कोणाला, हे मागायचंही नाही आणि मिळणारही नाही, ते बरोबरच आहे. शिवाय डेटा संरक्षणाच्या कायद्याने नोव्हेंबर २०२५ पासून आरटीआयचं कलम ८(१)(ञ) बदललं, आधी त्यात व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्या अशी खिडकी होती, आता त्या कलमात सरळ वैयक्तिक माहिती बाद. कलम ८(२) ची जनहिताची तरतूद अजून शिल्लक आहे म्हणतात, पण ती वापरायला किती अधिकारी धजावतील ते दिसेलच. मला या बदलाचा राग आहे, कारण कोणत्याही कागदावर कोणाचं तरी नाव असतंच आणि आता ते कारण पुढे करणं सोपं झालंय. पण आकड्यांना नाव नसतं. किती पेशंट मेंदूमृत घोषित झाले, किती कुटुंबांशी बोलणं झालं, किती जणांनी नकार दिला, आणि ज्याच्यासाठी मी हा सगळा उपद्व्याप करतेय तो आकडा, नकार दिलेल्यांपैकी किती जणांनी स्वतः आधी फॉर्म भरलेला होता.

हा शेवटचा रकाना. तो कुठल्या तक्त्यात असेल तर काकांच्या सहीचं काय होतं ते एका नजरेत कळेल.

देशाचा आकडा माहीत आहे. २०२३ मध्ये देशात १८,३७८ प्रत्यारोपणं झाली, त्यातली बहुतेक जिवंत दात्यांकडून, आणि मृत्यूनंतर दान करणारे दाते सगळ्या देशात मिळून १,०९९. एवढ्या मोठ्या देशात दहा लाखांमागे एकसुद्धा नाही. आणि जिवंत दात्यांमध्ये बायका जास्त, आई, बायको, त्यावर एक दिवस स्वतंत्र लिहीन कारण तिथेही संमती नावाची गोष्ट आहे आणि ती स्वयंपाकघरात घेतली जाते, हॉस्पिटलात फक्त नोंदवली जाते.

इंग्लंडचं उदाहरण सगळे देतात म्हणून तेही बघितलं. तिथे २०१९ चा कायदा, २० मे २०२० पासून लागू, नाही म्हणून नोंदवलं नसेल तर संमती गृहीत. वेल्समध्ये त्याआधीच, १ डिसेंबर २०१५ पासून. पण तिथेही नर्स घरच्यांशी बोलतातच आणि घरचे ठाम नाही म्हणाले तर अवयव घेत नाहीत. कायदा बदलल्यावर होकार वाढायला हवा होता ना? तिथली रक्त आणि प्रत्यारोपणाची सरकारी संस्था दरवर्षी आकडे देते, त्यात युनायटेड किंग्डमचं होकाराचं प्रमाण २०१९-२० मध्ये ६८ टक्के होतं आणि २०२३-२४ मध्ये ६१ टक्के. कमी झालं. कोविड, अविश्वास, बरीच कारणं सांगतात. स्पेनमध्ये १९७९ पासून गृहीत संमतीचा कायदा आहे पण दाते वाढले ते १९८९ मध्ये प्रत्येक हॉस्पिटलात प्रशिक्षित समन्वयक बसवल्यावर. त्यामुळे "कायदा बदला" म्हणणाऱ्यांना मी आता आधी आकडे विचारते.

पण मला हेवा वाटला तो त्यांच्या कायद्याचा नाही, तक्त्याचा. तिथला माहितीचा कायदा २००० चा, लागू झाला जानेवारी २००५ मध्ये, आपला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे जवळजवळ जुळी भावंडं. तिथे कामाच्या वीस दिवसांत उत्तर, स्टॅम्प नाही. आणि मृत व्यक्तीची नोंदणी असूनही किती कुटुंबांनी नकार दिला हे त्यांच्याकडे मोजलेलं असतं. मोजलेलं असतं म्हणून मागता येतं. आपल्याकडे राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद कायद्यात २०११ पासून आहे, आधार जोडून ऑनलाइन प्रतिज्ञा २०२३ पासून आहे, आयसीयूत बसलेल्या को-ऑर्डिनेटरने कुटुंबाशी बोलायच्या आधी ती नोंद बघितली का, हा एक रकाना वाढवायला किती खर्च येईल?

माझं मत विचाराल तर घरच्यांची सही घेऊ नका असं मी म्हणत नाहीये. आयसीयूच्या बाहेर ज्याचा तरुण पोरगा व्हेंटिलेटरवर आहे, छाती वरखाली होतेय, हात गरम आहे, आणि डॉक्टर सांगतायत की तो गेलेला आहे, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासलं, चार डॉक्टरांच्या सह्या आहेत, त्या बापाला कोणी कलम ३(२) वाचून दाखवावं असं मला वाटत नाही. कुठलाच शहाणा डॉक्टर दाखवणार नाही. एका कुटुंबाशी जबरदस्ती झाली आणि बातमी पसरली तर पुढची पन्नास कुटुंबं दारातूनच परत जातील. पण मग ते तसं लिहा ना. फॉर्म ७ च्या खाली एक ओळ टाका की तुमच्या कुटुंबालाही विचारलं जाईल आणि त्यांचा नकार आल्यास दान होणार नाही. मांडवातल्या त्या मुलीला तोंडी सांगायला लागू नये. कायद्यात एक, फॉर्मवर अर्धं, आणि वॉर्डात तिसरंच, आणि तिन्हींना जोडणारा कागद कोणाच्याच कपाटात नाही, याला माझा आक्षेप आहे.

सध्याची स्थिती अशी की "मोघम" वर प्रथम अपील केलंय, वीस रुपयांचा स्टॅम्प, जोडपत्र ब. अपील त्याच कार्यालयातल्या वरच्या साहेबांकडे असतं, तीस दिवसांत निर्णय, फार तर पंचेचाळीस. सुनावणीचं पत्र आलंय. तिथे नाही झालं तर राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, नव्वद दिवसांच्या आत, पण आयोगाकडे लाखाच्या आसपास प्रकरणं तुंबलेली असतात, त्यामुळे मी पहिल्या अपिलातच जीव ओतते. आयोग अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये, कमाल पंचवीस हजार दंड करू शकतो, हे सुनावणीत मोठ्याने म्हणायचं नसतं, लेखी म्हणण्यात एका ओळीत असू द्यायचं. विधिमंडळाच्या ठरावांसाठी वेगळा अर्ज केलाय. विषय एकच हवा ना, म्हणून वेगळा. आणि १९९३-९४ च्या आसपासच्या आपल्या दोन्ही सभागृहांच्या कार्यवृत्ताचे छापील खंड कोणाच्या कॉलेजच्या लायब्ररीत दिसले तर प्लीज मला सांगा, मी येऊन फोटो काढीन, खंड हलवायलाही लावणार नाही.

काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे मुलाशीच बोलायला हवं तर. मग बोलले की नाही ते मला माहीत नाही, दोघंही त्या विषयावर माझ्यासमोर गप्प असतात आणि सामना लावतात.

आकड्यांच्या अर्जाचा मजकूर खाली देते, दीडशे शब्दांच्या आत बसतो, हवा तर उचला.

"विषय : मेंदूमृत व्यक्तींच्या अवयवदानाबाबत कुटुंबांची संमती. कालावधी : मागील पाच कॅलेंडर वर्षे. आवश्यक माहिती, मुंबई विभागातील नोंदणीकृत रुग्णालयांबाबत, वर्षनिहाय, कोणत्याही व्यक्तीचे नाव वगळून : मेंदूमृत घोषित व्यक्तींची संख्या. ज्या कुटुंबांकडे अवयवदानाबाबत विचारणा केली त्यांची संख्या. संमती व नकार यांची संख्या. नकार दिलेल्यांपैकी मृत व्यक्तीने फॉर्म ७ अथवा ऑनलाइन प्रतिज्ञा भरलेली होती अशांची संख्या. ही माहिती संकलित करण्यासाठी रुग्णालयांना दिलेल्या विहित नमुन्याची प्रत. अशी माहिती संकलित होत नसल्यास तसे स्पष्ट नमूद करावे. माहिती अन्य प्राधिकरणाकडे असल्यास कलम ६(३) नुसार हस्तांतरित करून मला कळवावे."

शेवटून तिसरी ओळ महत्त्वाची, विहित नमुन्याची. आकडे नाहीत म्हणाले तरी कोरा नमुना द्यावाच लागतो, आणि त्या कोऱ्या नमुन्यात कोणते रकाने आहेत आणि कोणते नाहीत ते कळतं. पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरवाल्यांनी विभागाचं नाव बदलून घ्या.